अर्जातले अकरा विषय

दिवेआगर, ता. २२ जून १९२६

चिरंजीव सदास काकाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा हिवताप पुन्हा उलटला नाही ना? तुझ्या आत्याचा, अनुसूयेचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, भाऊ विचारतोय, जिने जरा कमी चढ. हरेश्वररावांचा खोकला थांबला का? कमळचा कान फुटला होता, तो वाहायचा राहिला का? इकडे तुझी आई बरी आहे. मी बरा आहे.

बरा म्हणजे, तुझं पत्र आल्यापासून तिसरा कागद फाडला. वहिनी आताच म्हणाल्या, "भावजी, पत्र लिहिताय की वाडीचं शिंपणं करताय? उठता काय, बसता काय!"

तू लिहितोस, राष्ट्रीय शाळेतली तुझी तीन वर्षं युनिव्हर्सिटी धरत नाही, तरी सहा विषयांचे दाखले दिलेस तर प्रिन्सिपॉलसाहेब तुला कॉलेजच्या एकदम दुसऱ्या वर्गात घेणार होते. तुझे दाखले नऊ, अर्जात विषय अकरा. साहेब विचारतात, उरलेले दोन कुठले? आणि तू येत्या सोमवारी त्यांना सांगणार, की अर्जाची नक्कल करताना तुमच्या कारकुनाचीच चूक झाली.

पोफळींना यंदा सुपारीची शिपुटं चांगली लगडली आहेत. विहिरीचा रहाट दुरुस्त केला.

सदा, कारकुनाचं नाव घेऊ नकोस.

मे महिन्यात तू गोधडीखाली कुडकुडत होतास. अर्ज मी भरला, तू न वाचता सही केलीस. नऊ विषय लिहून झाले आणि माझा हात थांबेना. आपण शंभर नारळ मोजले की वर पाच टाकतो, गिऱ्हाईकानं मागायची वाट बघत नाही. तसंच झालं. शेतकी लिहिलं, ती तर मीच तुला वाडीत शिकवली. ज्योतिष लिहिलं, खळ्यात निजून नक्षत्रं कोणी दाखवली होती? मला वाटलं, साहेब खूश होईल.

वहिनींना काल सांगितलं. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, "साहेबाचा कागद नि नारळ एकाच टोपलीत घातलेत की!" मग पदर तोंडाला लावून आत गेल्या, त्या जेवायलाही आल्या नाहीत.

सहा पुरे होते रे. तुझ्या कष्टाचे नऊ होते. घरीच अक्षरं गिरवलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या मला ते थोडे वाटले.

सोबत साहेबांच्या नावे वेगळा कागद आहे. अर्जासारखंच माझ्या मराठीत सगळं कबूल केलं आहे, अक्षर अर्जाशी ताडून बघा म्हणून लिहिलं आहे. काकाची लाज झाकायला तो खिशात ठेवशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. ठेवू नकोस. त्यांनी तुला पहिल्या वर्गात बसवलं किंवा दारातूनच परत धाडलं, तरी त्या कारकुनाची भाकरी आपल्यापायी जाता कामा नये.

सोमवारी साहेब काय म्हणाले ते त्याच दिवशी लिही. माझ्यावर रागावला असशील तर तोही लिही, पण उत्तर लवकर धाड.

तुझा अपराधी,
महादेवकाका