वही गंगेत, नावं कुठे?

मंगळवार, संध्याकाळ

लेकीचं मशीन फक्त आजचंच सांगतं म्हणे! मग वर्षभर "आई, ब्लॉकचेनवर, म्हणजे हजार कॉम्प्युटरांच्या सामायिक वहीत, चढवलेलं कधी पुसत नाही" असं काय बरळत होती आमची मेघना? तिच्या भरवशावर मी यजमानांच्या नावांची जीर्ण वही इथे काशीत, पंचगंगा घाटावर, स्वतःच्या हाताने गंगेत सोडली. आपली रीतच ती. ती गुंडाळायचं लाल बासन तेवढं घरी ठेवलं.

आता कळतंय, पोरीने एका घराण्याच्या एकाच खात्यात पिढीवर पिढी भरली. उघडलं की जुन्या झाकून शेवटचीच दिसते.

"जुनं पुसलेलं नाही गं आई, मागे आहे. वाचायला रस्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रामपण लिहिला. पण हे मशीन मागचं ठेवतच नाही. सगळं राखणारं दुसरं मशीन शोधतेय."

"शोध मग! दिमाग नको खाऊ."

शनिवारी साताऱ्याचे यजमान पिंडदानाला येणार. पणजोबांचं नाव ते आम्हालाच विचारतात. तीर्थपुरोहित म्हणून ह्यांनी घाटावर काय सांगायचं? दुपारपासून नुसतं रिकाम्या बासनाची घडी घालतात, मोडतात.

मला कसली घाई झाली होती? वही काय खायला मागत होती?

सकाळी मेघनेला तोंडावर सांगणार: शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत बोल, नावं परत येणार की नाही?