व्हर्नाने गाडी नेली

१७ मार्च २०२०, मंगळवार

या साथीपायी उद्यापासून रस्ता झाडणारी गाडी बंद! म्हणजे आमची बैठकही बंद. नवरे गेल्यापासून मी आणि शेजारची व्हर्ना मंगळवार-शुक्रवार तिच्या जुनाट ब्युइक गाडीत कॉफी घेऊन बसतो. झाडणारी गाडी आली की ब्युइक बाजूला काढायची, ती पुढे गेली की जागा पुन्हा पकडायची. अख्खं हार्लेम हेच करतं. जागा गेली की गेली!

"आता तुझं थोबाड कुठे बघू गं नेटी?" म्हणाली.

२३ मार्च

रस्त्यात जागाच जागा! जन्मात असं पाहिलं नाही. वरच्या मजल्यावरची वकील मंडळी गावाबाहेर तळ्याकाठच्या घरांत पळाली. फोनवरून कळतं म्हणे कोण कुठे सरकलं ते, पेपरात नकाशा होता. श्रीमंत वस्त्या ओस. आमची बस मात्र खच्चून भरलेली. नर्सा, सफाईवाल्या, आचारी. त्यांना कुठलं तळं न् कुठलं काय!

व्हर्नाची लेक कोरीन पण मागे लागलीय, तिच्या तळ्याकाठच्या घरी ये म्हणून. व्हर्ना जिन्यातूनच ओरडून म्हणाली, "जायचं तर दोघींनी. नाहीतर कुणीच नाही!"

मला रडूच आलं. वेडी कुठली.

२९ मार्च

ब्युइक नाही.

व्हर्नाच्या दाराला कुलूप. खाली आमच्या इमारतीचा सफाईवाला डेस्मंड जिना पुसत होता. म्हणाला, "बाई पहाटेच गेल्या. हातात बॅग होती. नेटीबाईंना सांगू का विचारलं, तर नको म्हणाल्या."

नको! इतक्या वर्षांच्या मैत्रीला एवढा एकच शब्द!

३० मार्च

तिचा फोन. उचलला नाही. तळ्यावरची हवा किती छान ते ऐकायचं नाहीये मला.

२ एप्रिल

संध्याकाळी लोक खिडक्यांत उभे राहून डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवतात. मी नाही वाजवत. मक्याचा कॉर्नब्रेड केला, हाताला सवय, दोघींपुरता झाला. अर्धा फेकला. गरज सरो, वैद्य मरो! तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला आंघोळ कोण घालत होतं? कोरीन?

वकिलांचं एक वेळ समजू शकते. ते माझे कोण? पण ही!

५ एप्रिल

कोरीनचा फोन आला. "नेटीमावशी, आईला दे ना जरा. तिचा फोनच लागत नाही. तुझ्याकडे राहायला आलीय ना? मला म्हणाली, नेटीला एकटी टाकून मी येणार नाही."

धावत डेस्मंडला गाठलं. मान खाली घालून म्हणाला, "फार खोकत होत्या, हॉस्पिटलातच निघाल्या होत्या. मला लांबच उभं केलं. म्हणाल्या, नेटीला सांगू नकोस, ती माझ्यामागे येईल."

हॉस्पिटलपर्यंत चालत गेले. ब्युइक बाहेर उभी आहे. आत कुणालाच सोडत नाहीत.