दोन वीत ढील

लालबाग, मुंबई
२ फेब्रुवारी २०२५

ती. सीतारामदादास,
शैलाचा शि. सा. नमस्कार. कानांमुळे तू फोन सोडलास आणि माझं अक्षर पुन्हा वळणावर आलं, एवढं एक बरं झालं.

इकडे सगळे खुशाल. पण चार दिवस घरात तोंडं सुजलेली आहेत, ती वायफायच्या डब्यामुळे. लॉकडाउननंतर आलास तेव्हा तूच फळीवर बसवून दिलेला, तोच. एक हिरवा दिवा लागतो, बाकीचे मेले. प्राचीचे दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास त्याच्यावर चालतात. परीक्षा तोंडावर आली आणि सूनबाई मोबाइल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात रेंज शोधते. अभयने डबा बंद करून चालू केला, मागच्या भोकात टाचणी खुपसून धरली, चार्जरही बदलून पाहिला. डबा ढिम्म. अभय म्हणतो, म्हातारा झालाय, टाकून देऊ. मी म्हटलं, पाच वर्षांत हा म्हातारा, तर मग मी कोण?

तू बत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढलीस. काहीतरी सुचव. गुडघ्याला तेल लाव. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
शैला


कणकवली
६ फेब्रुवारी २०२५

चि. शैलास अनेक आशीर्वाद.
बाय, पत्र मिळालं. काजूला मोहर चांगला आहे, गुडघा मात्र वाईट.

एक दिवा लागतो म्हणजे वीज पोचते, बाहेरून काही येत नाही. तेव्हा डब्याला छळू नका, वायर बघा. गॅलरी तोलणाऱ्या, कठड्यालगतच्या खांबावर छोटी पेटी आहे. तिथून वायर खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून आत येते. डब्यात खोचतो त्या टोकाला बारीक खिट्टी असते, ती मोडली की वायर बसल्यासारखी दिसते पण बसत नाही. टक् आवाज येईपर्यंत दाबायला सांग.

आणि वायर ओढली जाते आहे का, ते बघ. मी गॅलरीत तिची दोन वीत ढील गुंडाळून ठेवली होती. खांबावरची माणसं ढील ठेवल्याशिवाय खाली उतरत नाहीत. ती कुणी कापली असेल तर त्याचं नाव कळव.

सगळ्यांना आशीर्वाद. आठवण ठेवून लिहीत जा.
सीताराम


लालबाग
११ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. नमस्कार.
तू म्हणालास तसंच निघालं. खिट्टी मोडलेली होती. कंपनीचा माणूस येऊन नवं टोक लावून गेला, चारही दिवे लागले, प्राचीने मला शिरा करून घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सगळं बंद. वायर आपोआप बाहेर आली होती. अभयने खोचली, काल पुन्हा निघाली. आता तर डबाच फळीच्या कडेपर्यंत सरकून आलेला असतो.

तुझी ढील कुणी कापलेली नाही, दादा. गुंडाळी दिसत नाही एवढंच. पेटीपासून खिडकीपर्यंत वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सरळ आहे. उन्हाने आखडते का रे?

बाकी नवीन काही नाही. दार खाली घासतं, सुतार बोलवायचाय. गॅलरी पुसली की पाणी पूर्वी भिंतीकडच्या मोरीत जायचं, हल्ली कठड्याकडे पळतं आणि खालच्या मजल्यावरून ओरडा येतो. आपल्या कमिटीचा सेक्रेटरी, कोपऱ्यातल्या खोलीतला हितेंद्र, म्हणतो की बिल्डिंग पाडून नवीन होणारच आहे, किरकोळ दुरुस्त्या काढू नका. बरोबरच आहे त्याचं.

पत्राची वाट बघते. लोभात ठेव.
शैला


कणकवली
१४ फेब्रुवारी २०२५

चि. शैलास आशीर्वाद.
वायर उन्हाने आखडत नाही. दोन वीत तर नाहीच.

मी सांगतो ते कर. डब्यातून वायर काढून आतल्या बाजूला मोकळी सोड. चौकटीतल्या भोकापाशी तिच्यावर एक खूण कर आणि रोज सकाळी बघ, खूण कुठे आहे. चार-पाच दिवस प्राचीला कळ काढायला सांग.

तोवर गॅलरीत बसू नका. तिथे पाण्याची पिंपं असतील तर रिकामी करा. कारण आत्ता विचारू नकोस, माझंही चुकत असेल. चुकलेलं असू दे, अशीच इच्छा आहे.
सीताराम


लालबाग
२१ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. नमस्कार.
प्राचीच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढली. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी रेघ तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर गेली. पाचव्या दिवशी बोटभर. अभय आधी हसला, मग पट्टी घेऊन मोजू लागला. त्याने हितेंद्रला दाखवलं. हितेंद्र म्हणाला, वायर कावळे ओढतात, आणि लोकांत घबराट पसरवू नका, बिल्डरच्या सह्या अडतील. पिंपं रिकामी करायचं मी शेजारी सांगून पाहिलं, पण सकाळी तासभरच पाणी येतं, कोण ऐकणार?

एक चांगली बातमी. प्राचीचे क्लास बुडायला लागले म्हणून अभयने काल नवा डबा आणला आणि भरपूर लांब वायर टाकून घेतली. आता ओढली गेली तरी निघायची नाही. चारही दिवे दिवसभर लागलेले असतात. जुनी वायर काढून टाकली, त्यामुळे रेघ आता बघता येत नाही. तशी गरजही उरली नाही म्हणा.

दारासाठी सुतार आला होता. उंबरा घासून गेला. काळजी करू नकोस.
तुझी शैला


कणकवली, पोस्ट ऑफिस
२४ फेब्रुवारी २०२५, दुपारी साडेतीन

शैला,
पत्र आत्ता मिळालं. वायर आखडली नव्हती, बाय. खांब बाहेर चाललाय, आणि त्याच्याबरोबर तुमची गॅलरी.

पोस्टातली मेघना तुला फोन लावते आहे. तिला काय बोलायचं ते मी कागदावर लिहून दिलंय. समोरच्या बाकावर बसून तिच्याकडे बघतो आहे. दोनदा लागला नाही. हे पत्र तुला त्या घरात मिळू नये.

तिचे ओठ हलतायत. म्हणजे तू उचललास.


शीव, प्राचीच्या माहेरी
७ मार्च २०२५

ती. दादास,
शैलाचा नमस्कार. तुझं पत्र पोस्टमनने अभयच्या ऑफिसात नेऊन दिलं. आम्ही तिघं सुखरूप आहोत, हे तुला मेघनाकडून कळलंच आहे. पुढचं तिला सांगण्यासारखं नव्हतं.

तिने तुझा कागद जसाच्या तसा वाचला. परक्या मुलीच्या आवाजात तुझं बोलणं ऐकलं. "बाय, आधी भायर पड. सामान मागसून." मी गॅस बंद केला. प्राचीने क्लास अर्धवट सोडला. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, अशी आमच्या मजल्यावरची सगळी दारं वाजवली आणि खालच्या मजल्यांवरही ओरडत गेलो. शेजारच्या म्हाताऱ्या लक्ष्मीवहिनी उठेनात, त्यांना खुर्चीसकट उचललं. वीस-पंचवीस मिनिटांत सगळे खाली रस्त्यावर जमले. प्राची फायर ब्रिगेडला फोन लावत होती.

हितेंद्रही खाली आला होता. संतापला होता. तुम्ही बिल्डिंग बदनाम करताय म्हणाला, आणि लोकांना परत वर जायला सांगू लागला. दोन बायका जिन्याकडे वळल्यासुद्धा. मला काय झालं कुणास ठाऊक. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "इतकी खात्री आहे तर तूच उभा राहून दाखव."

तो गेला, दादा. बायकांना बाजूला सारून एकटाच जिना चढला. तिसऱ्या मजल्यावर आमच्याच दारासमोर आला, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली बघून काहीतरी बोलला. रस्त्यावरच्या गाड्यांत ऐकू आलं नाही. मग आधी खांब गेला, पाठोपाठ गॅलरी. आवाज नंतर आला.

सगळे म्हणतात शैलाकाकूंनी सतरा खोल्यांतली माणसं वाचवली. कुणीतरी माझा फोटोही काढून नेला. त्या गर्दीत मी काय बोलले ते बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, पण कुणी विषय काढत नाही. हितेंद्रची बायको दीपिका त्या वेळी कामावर होती. रोज फोन करते. काल विचारत होती, काकू, तुम्ही जवळ होतात ना, वर जायच्या आधी ते काय म्हणाले, आणि अशा वेळी वर गेलेच का? मी म्हटलं, आठवत नाही गं.

उद्या त्याचं तेरावं आहे. तिने मला आग्रहाने बोलावलंय, पुढे बसा म्हणाली. तू सांगशील तसं केलं असतं, पण तुझं उत्तर यायला चार दिवस लागतील. जेवणं उरकल्यावर तिला बाजूला घेऊन, मी त्याला काय म्हटलं ते सांगणार आहे. त्यानंतर तिने मला दारात उभं केलं नाही तरी चालेल. तुला आधी कळवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

हे वाचशील तेव्हा सांगून झालेलं असेल. तुझा लोभ तेवढा असू दे.
तुझी,
शैला