गेला, परत आला

सोमवार, ३ तारीख

नोकरी लागली. सकाळी निघताना बाबा शिलाईमशीन थांबवून दारापर्यंत आले. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी ते मशीन थांबवत नाहीत. धाकटी म्हणाली, खुर्चीला डिंक लावून बस, निदान महिनाभर तरी टीक. घरातली पहिली पदवीधर असल्याचे हे तोटे. रिमोट बिघडला तरी सगळे माझ्याकडेच बघतात.

काम माझ्या मनासारखं आहे. मोठ्या बाई चाळीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर त्यांचं पुस्तक चाललं आहे. आता हात थरथरतात, म्हणून त्या सांगणार आणि मी टाइप करणार. राहणंही इथेच. खिडकीखाली टेबल, त्यावर पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर. मधलं दार उघडं असतं, त्यामुळे पलंगावरच्या बाई मला दिसतात आणि मी त्यांना.

मला नेमलं ते त्यांच्या मुलीने, ताईंनी. अट एकच. कॉम्प्युटर कधीही बंद करायचा नाही, नवा घ्यायचं नावही काढायचं नाही. लाइट गेली तरी यूपीएसवर चालतो. मग त्यांनी मला माझाच परिचय टाइप करायला बसवलं. आईला नवीन माणूस आधी लेखी लागतं, म्हणाल्या.

मीही मनापासून पानभर लिहिलं. काजं करता करता आईने माझे पाढे कसे पाठ करून घेतले ते. बाबांना अक्षर येत नाही, फक्त टेपवरचे आकडे येतात, म्हणून ते कापडावर खडूने खुणा करतात ते. गोल आणि आत चार ठिपके म्हणजे बटण लावायचं राहिलंय. नुसता गोल म्हणजे काम झालं, कपाटात ठेवा. बाबांना वाचायला शिकवायचं मी केव्हापासून म्हणते आहे. बाईंचं पुस्तक पूर्ण झालं की पहिला विद्यार्थी तेच.

फाइल जतन केली आणि कॉम्प्युटर निळा पडून बंद झाला. लगेच आपोआप सुरूही झाला. ताईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, आता तू टिकशील. मला बरं वाटलं. दुपारी त्या आपल्या गावी गेल्या.

बुधवार, ५ तारीख

आज कॉम्प्युटर तीनदा बंद पडला. दर वेळी निळी स्क्रीन, त्यावर काहीतरी पांढरी अक्षरं, आणि वाचायच्या आत पुन्हा सुरू. इतकं जुनं यंत्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर सुरू होतं याचं नवल वाटतं. कॉलेजातले नवे कॉम्प्युटरसुद्धा चांगले मिनिटभर कण्हायचे.

मी तक्ता आखला आहे. किती वाजता बंद पडला, तेव्हा काय उघडं होतं, सीपीयू किती तापला होता. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, फक्त चिकाटीने शोधावं लागतं.

भिंतीवरच्या घड्याळातही बिघाड दिसतो. मधूनच पाच-सहा मिनिटं पुढे उडी मारतं. सेल बदलला. बाई म्हणाल्या, या घरात एक तूच सरळ चालतेस. त्यांचा चहा आणि माझा, दोन्हींवर साय धरली होती. आत्ताच तर ओतला होता.

शनिवार, ८ तारीख

सीपीयूचं झाकण काढून ब्रशने धूळ झाडली. एक अख्खं उशीचं पोट भरेल एवढी निघाली. उघड्या बाजूला टेबलफॅन लावून ठेवला. हार्ड डिस्क गच्च भरली होती, म्हणून जुन्या, तात्पुरत्या फाइल शोधून काढून टाकल्या. बाईंच्या पुस्तकाची आणि आठवणींची पानं आहेत तशी ठेवली.

संध्याकाळी बाई पाढ्यांवरचं प्रकरण सांगत होत्या. सातचा पाढा म्हणता म्हणता अडखळल्या, सात पाचे पस्तीसच्या पुढे जाईनात. हसून म्हणाल्या, म्हातारीचं डोकं भरलं वाटतं. मी पुढचं सांगायला तोंड उघडलं. मलाही येईना. मी पाचव्या वर्षी पाठ केलेला पाढा.

बोटांवर मोजून लिहिला शेवटी.

सोमवार, १० तारीख

टेबलाच्या खणात ताईंची वही मिळाली. त्यांनीही माझ्यासारखीच नोंद ठेवली होती, दहा वर्षांची. वाचून फार आपलेपणा वाटला. प्रत्येक वेळी दोन ओळी. ‘११.२० ला गेला. ११.२६ ला परत आला.’ हा कॉम्प्युटर. खाली ‘११.२० ला गेली. ११.२६ ला परत आली.’ ही लाइट. म्हणजे दोष विजेचा. सापडलं एकदाचं कारण.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. बोलका माणूस आहे. त्याने विचारलं, लाइट जाते म्हणता, मग यूपीएस शोभेला ठेवलाय का. यूपीएस चालू असताना लाइट गेल्याने कॉम्प्युटर बंद पडायचा नाही.

बरोबर आहे. मी आल्यापासून तर लाइट गेलेलीच नाही.

मग गेली कोण?

मंगळवार, ११ तारीख

आज चारदा. दुरुस्तीवाल्याने उपाय सांगितला. सेटिंगमध्ये ‘बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू करा’ अशी खूण असते ती काढायची. मग निळी स्क्रीन जागेवर थांबते आणि चूक वाचता येते. खूण काढली. उद्या अकराला येतो म्हणाला. सगळं फोनवरच झालं, आता चहापुरता येतो.

बुधवार, १२ तारीख

नीट लिहिलं पाहिजे.

सव्वादहाला बाई सांगत होत्या, मी टाइप करत होते. स्क्रीन निळी झाली. मी वळले तर दुरुस्तीवाला खोलीत उभा. मी म्हटलं, या, बरोबर वेळेवर आलात, आत्ताच गेला बघा.

तो भिंतीला टेकून उभा होता. ऊन समोरच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर गेलं होतं. चार वाजले होते.

त्याने सांगितलं ते असं. अकराऐवजी चारला पोचला. दार नुसतं लोटलेलं. दोनदा हाक मारली. मी माउसवर हात ठेवून बसलेली, डोळे उघडे. नाकाखाली बोट धरलं, श्वास नाही. हात नळासारखे गार. पलंगावर बाईंचंही तेच. कोणाला फोन करावा ते सुचेना, आणि सवयीने त्याचा हात सीपीयूच्या बटणावर गेला.

कॉम्प्युटर नाही हो मॅडम, म्हणाला. तुम्ही गेला होतात. दोघी.

पिशवी तशीच टाकून गेला. आता फोन उचलत नाही.

वहीचं शेवटचं पान उघडलं. ताईंच्या अक्षरात, तीन तारीख, मी आले तो दिवस. ‘११.४० ला दोघी गेल्या. ११.४६ ला दोघी परत आल्या. जमलं.’

लाइट नव्हती ती. त्या आपल्या आईबद्दल लिहीत होत्या. आई गेली. परत आली. दहा वर्षं.

बुधवार, संध्याकाळ

ताईंना फोन लागला. शांतपणे बोलल्या. आधीच्या मुली घाबरून आठवड्यात पळून जायच्या. माझं आयुष्य त्या खुर्चीत गेलं. तू जपशील, आता तुझाही जीव त्यात आहे. शनिवारी फाइल काढल्या आणि पाढा विसरला, तेही मी त्यांना सांगितलं आणि विचारलं, माझ्या परिचयाचं पान काढून टाकलं तर काय होईल? म्हणाल्या, तुला पाढा आठवतोय का?

बाईंना सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, ती खूण आधी परत लाव, पोरी.

लावतेच आहे. सेटिंग उघडत नाही. हँग.

गुरुवार, १३ तारीख

सकाळपासून सेटिंगची खिडकी अर्धीच उघडली आहे. बाण नुसता फिरतोय. पंखा घरघरतोय. हात लावायची भीती — बंद झाला तर आता आपोआप सुरू होणार नाही. कोणीतरी बटण दाबायला हवं.

दोन्ही शेजाऱ्यांकडे कुलूप. घरी फोन केला. धाकटी म्हणाली, काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकून बाबा पहाटेच निघालेत. एकटेच. फोन इथेच ठेवून —

गुरुवार, दुपार

घरघर वाढली. बाण थांबलाय.

बाबा, आत याल तेव्हा घाबरू नका. आम्ही गेलोय असं वाटेल, पण नाही. सीपीयूवरचं गोल बटण एकदा दाबा, बस —

काय लिहितेय मी. बाबांना वाचता येत नाही.

खूण. त्यांची खूण. बटणाची. कोरं पान फाडून सीपीयूवर चिकटवलं, त्यावरच काढते. गोल आणि चार ठिपके, नुसता गोल नाही, ओळखतील, लगेच ओळखतील —

बाई विचारताहेत, झालं का.

गोल काढला. आता ठिप