दुसरी तार

किकवी, ता. भोर
१७ ऑक्टोबर १९७९

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. तू आणि सोनबादाजी खुशाल असाल. माझं बरं चाललंय. शेजारच्या फुलाबाई काकू रोज भाकरी पाठवतात आणि "खाल्लीस का न्हाई?" म्हणून वर दारात उभ्या राहतात. आईची कोंबडी मात्र मला घरात येऊ देत नाही, चोच मारते.

काल तू जेवायला वाट बघितली असशील. पोट बिघडलं असा निरोप धाडला, तो खोटा होता. नसरापूरपर्यंत आलो होतो. तुमच्या वेल्ह्याची एसटी समोर लागली होती, पण पाय उचलला नाही.

तू विचारलंस, "तिकडं परदेशात तुझं काम तरी काय रं?" सांगतो. वर अवकाशात एक दुर्बीण सोडलीय. ताऱ्याचा उजेड ती रंगारंगांत फोडून त्याचे आकडे खाली पाठवते. पण यंत्र दिवसेंदिवस मंद होतं, आकडे कमी भरतात. काही ताऱ्यांचा उजेड पक्का ठाऊक आहे, त्यांच्याशी ताडून बाकीचे आकडे दुरुस्त करायचे. ते करणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम मी दोन वर्षं खपून लिहिला. आईला गेल्या खेपेला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजी बाजारातल्या वाण्याचा तराजू. आमी वळखून वर एक मूठ मागतो." बरोबर समजली होती बाई.

हा प्रोग्राम टेपांवर भरून देशोदेशीच्या विद्यापीठांना पाठवायचा होता. तारीख ठरली होती, पाच ऑक्टोबर, शुक्रवार.

त्याच आठवड्यात सोमवारी तुझी तार आली, आई अत्यवस्थ, निघ. अक्का, मी हसलो गं. त्र्याहत्तर साली मुंबईला अशीच तार आली होती. मी रडत धावत आलो, तर आई ओसरीवर शेंगा फोडत बसलेली आणि दाजी नवी टोपी घालून सासवडला मुलगी बघायला निघालेले. "तशी तार केल्याबिगर तू येतूस व्हय रं?" म्हणाली. तेव्हापासून घरची तार आली की मी तिच्यातलं निम्मं मनातल्या मनात वजा करत आलो. जुन्या मोजणीवरून काढलेली दुरुस्ती नव्या मोजणीला डोळे झाकून लावू नये, हे त्या प्रोग्रामच्या पुस्तिकेत मीच लिहिलंय.

मी आलो तेव्हा तू मला पोटाशी धरलंस आणि सगळ्यांना सांगितलंस, "तारा येळंवर पोचल्याच न्हाईत त्याला. पोराचा काय दोष?" मी मान खाली घालून उभा राहिलो.

दुसरी तारही पोचली होती. बुधवारी दुपारी, माझ्या हातात. दोन-दोन तारा कुणी मुलगी दाखवायला करत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणूनच फोडली नाही. फोडली असती तर निघावं लागलं असतं, आणि माझ्या कामाच्या टेपा दुसऱ्याच्या हातून गेल्या असत्या. लिहिताना लाज वाटते. तार खणात टाकली. शुक्रवारी टेपा गेल्या, सगळ्यांनी केक कापला, मीही खाल्ला. मग तार फोडली.

"आई शुद्धीवर. तुझी वाट बघते."

ती शनिवारी गेली. बुधवारी निघालो असतो तर शुक्रवारी घरी असतो. विमानांचं वेळापत्रक मी दहादा बघितलंय. एसटीचा हॉर्न वाजला की ती "ग्यानू आला का?" विचारायची, हे तूच मला सांगितलंस, आणि सांगताना माझ्याच पाठीवरून हात फिरवत होतीस.

गावाला हे सांगायचं की नाही, तू ठरव. पण माझ्यापायी खोटी साक्ष देत फिरू नकोस, ते मला सोसत नाही. सोमवारी मी परत निघतोय. जेवायला बोलाव असं म्हणत नाही. येऊन दोन थोबाडीत दे, पण ये, अक्का.

आईला दाराकडं बघायला लावणारा,
तुझा भाऊ
ज्ञानू