बुडवलेल्या झाडांची जागा

प्रिय हॉलिस,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. दुकानातल्या आमिषाच्या माशांच्या टाकीला नवा पंप बसवला. तुझी वहिनी म्हणते, हे चिमुकले मासे आता माझ्यापेक्षा जास्त जगतील.

यंदा आर्कान्सा नदीला धार जबर आहे. बाहेरगावचे लोक भर धारेत गळ टाकतात आणि मग दुकानात येऊन नदीला शिव्या देतात. क्रॅपी मासळी धारेशी भांडत नाही, आडोशाला उभी राहते, हे त्यांना कुठलं ठाऊक! म्हणून तर तू आणि तुझा दोस्त टर्ली दर जानेवारीत लोकांनी टाकलेली ख्रिसमसची झाडं आणून, सिमेंटचे ठोकळे बांधून, दगडी बांधाखाली बुडवायचात. एकानं होडी धारेत रोखून धरायची, दुसऱ्यानं झाडामागे अलगद गळ सोडायचा. आणि जागा कुणाला सांगायची नाही, हा तर इथला धर्मच.

सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी त्या जागेवर चौदा होड्या उभ्या होत्या. जागा दोघांनाच ठाऊक, म्हणजे टर्लीच फुटला, असं तू धरून चाललास. माझ्या दुकानात चारचौघांत त्याला म्हणालास, "किती बिअर पाजली रे तुला त्यांनी?" तो नुसता हातातली टोपी फिरवत राहिला. तू होडी विकून टल्साला गेलास.

परवा टर्ली आला होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात उचलला जात नाही. "एका हातानं होडी धरू की गळ, ओडेल?" म्हणाला आणि हसला. मला राहवेना. म्हणालो, "टर्ली, जागा फोडली ती मी." तुम्ही दोघं माझ्या दुकानामागे ठोकळे निवडताना कुजबुजत होतात, माझे कान तुला माहीतच आहेत. एका गिऱ्हाइकापुढे शहाणपण मिरवायला बोलून गेलो.

तो म्हणाला, "ते मला त्याच आठवड्यात कळलं. त्या गिऱ्हाइकानंच तुझं नाव घेतलं."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"हॉलिसला दोस्त दुसरा मिळेल. भाऊ तू एकटाच आहेस त्याला."

हॉलिस, सहा वर्षं माझ्या वाटचा राग तो माणूस झेलतोय, आणि मी दर नाताळला तुझ्या घरी येऊन पोटभर जेवतोय. म्हणून हे पत्र. राग माझ्यावर काढ. दुकानाची पायरी चढू नकोस हवं तर. पण शनिवारी टर्लीकडे ये. त्याची होडी मी धुऊन पाण्यात सोडली आहे. धरायला माणूस हवा, आणि मी येतो म्हटलं तर तो नको म्हणाला.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझाच भाऊ,
ओडेल