न वळणारा डोळा

धाकटे नान्तुमे,

तुझे गुडघे, तुझ्या शेळ्या आणि तुझा नवरा (याच क्रमाने) ठीक असतील असं धरून चालते. मी मजेत आहे. माझ्याबद्दल तुझ्या कानावर आलंय ते अर्धंच खरं, म्हणून लिहायला बसले.

मटोकेच्या हिरव्या केळ्यांचा घड डोक्यावर घेऊन मी बागेतून येत होते आणि समोरून सायकलवर जावई, आपला किग्गुंदू. जावई दिसला की सासूने तोंड फिरवायचं, हे आपण बोलायच्या आधी शिकलो. पण डोक्यावर घड असताना मान कशी फिरणार? नुसते डोळे फिरवले. डावा शहाण्यासारखा वळला. उजवा राहिला त्याच्या तोंडावर. किग्गुंदू सायकलसकट चरात. (हात देऊन काढताही येईना, मी सासू पडले.) मग चर्चच्या दारात तेच, बाजारात तेच. गाव म्हणालं, लग्नात जावयाने बोकड कमी दिला असेल, म्हणून म्हातारी डोळे वटारते. नास्सूना म्हणाली, "आई, लाज सोडलीस का?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्यात बघण्यासारखं काय आहे, ते मलाही सांग." शेवटी कुंपणापलीकडून तोच पुटपुटला, "सासूबाईंचा डोळा वळतच नाही. पुढेही आलाय." म्हणजे हाही बघत होता.

पहिला डॉक्टर म्हणाला, गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं डोळ्यात उतरलंय. त्याच्या गोळ्यांनी डोळा आत गेला आणि गोळ्या संपल्यावर चहाच्या वेळेला शेजारीण यावी तसा परत आला. मग कंपालाची डॉक्टरीण. डोळ्यामागचा फोटो काढून म्हणाली, "आजी, डोळा फिरवणारा स्नायू सुजलाय. तुकडा तपासल्याशिवाय मी नाव सांगणार नाही." मी विचारलं, डोळा जाईल का. म्हणाली, "असंच ठेवलंत तर जाईल." दिला तुकडा. निघाला लिम्फोमा, म्हणजे कर्करोगच, पण सावकाश चालणारा. अंगात बाकी कुठे नव्हता. "या स्नायूत क्वचितच बसतो," म्हणाली. मी म्हटलं, "जावई नीट दिसावा म्हणून बसला असेल." नास्सूना रडायला लागली, तिला मी शेंगा सोलायला बसवलं.

किरणं दिली, सूज उतरली. डोळा कोरडा पडतो, थेंब घालते. तपासणीला जात राहायचं आहे. गावानेही मोठ्या मनाने ठरवलंय की आजारी डोळ्याला नियम नाही.

तुझी थोरली,
नबोसा

ता.क. नाताळला येताना सुके मासे आण.

आणखी ता.क. डोळा आता चांगला वळतो. हे डॉक्टरणीला आणि तुलाच माहीत. किग्गुंदू रोज समोर बसून जेवतो आणि घरातलं सगळं नास्सूनापेक्षा नीट सांगतो. इतकी वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसले होते मी. कळलं तर तो पुन्हा कुंपणापलीकडे जाईल. म्हणून कुणी विचारलं, तर तोंड पाडून एवढंच म्हण, "नाही हो, बिचारीचा वळतच नाही."